तराजूत पडलेली काठी

[दृश्य: धुळ्यातलं भंगाराचं दुकान. सायकलींच्या रिमा, पंख्यांची पाती, तराजू.]

"भाऊ, हाई काय शे?" दुकानदारानं मलाच विचारलं आणि काठी तराजूत टाकली. लोखंडाच्या भावानं घेतली मी. लाकडी दांडा, मुठीला फाटकं चामडं, खाली गंजलेलं पातं. गोल्फची जुनी स्टिक.

[दृश्य: दांड्यावरून फिरणारं लोहचुंबक.]

आधी लोहचुंबक. गोल्फचे नियम तेव्हा ठरवणाऱ्या, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबनं १९२९ साली पोलादी दांड्याला मान्यता दिली. पण खेळणाऱ्यांची नजर लाकडाला सरावलेली, म्हणून कित्येक पोलादी दांड्यांवर लाकडासारखं दिसणारं आवरण चढवलं गेलं. नुसता फोटो बघून घेणारे तिथेच फसतात. इथे चुंबक चिकटलं नाही. दांडा हिकरीचाच, अमेरिकेतल्या झाडाचा.

[दृश्य: पातं, अगदी जवळून.]

१९०० च्या आधीची पाती बहुतेक गुळगुळीत. रबरी गाभ्याचा चेंडू आला, तशी त्याला उलटी फिरकी मिळावी म्हणून पात्यावर रेघा नि ठिपके उमटू लागले. या पात्यावर ठिपके आहेत. मागे अक्षरं: 'मॅशी'. तेव्हा स्टिकांना नंबर नव्हते, नावं होती. क्लीक, मॅशी, निब्लिक. मॅशी म्हणजे आजची साधारण पाच नंबर. आणि अक्षरांशेजारी, गंजाखाली, तंबाखूच्या पाइपाची बारीक खूण. सेंट अँड्र्यूजचा लोहार टॉम स्टुअर्ट आपल्या पात्यांवर हीच खूण ठोकायचा.

दुकानदार चांगल्या मनानं म्हणाला होता, पॉलिश पेपरनं घासून देतो, चकाचक होईल. मी काठी छातीशीच धरली! जळगावच्या सराफाकडून डाग उजळून आणला, तरी सोनं सोनंच राहतं. इथे घासलं की खूण गेली, आणि खुणेबरोबर किंमतही.

लाखांची मात्र नाही ही. विसाव्या शतकात अशा स्टिका ढिगानं बनल्या. मोठी बोली लागते ती एकोणिसाव्या शतकातल्या लांब नाकाच्या लाकडी स्टिकांना, आणि पिसं भरून शिवलेल्या चामडी चेंडूंना. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या घट्ट झालेल्या चिकाचा, स्वस्त चेंडू आला आणि पिसांचे चेंडू मागे पडले. कुण्या साहेबाच्या बंगल्यातली म्हणून सांगितली, तर भाव चढेल? कागद असेल तरच. माझ्याकडे कागद नाही, म्हणून तशी गोष्ट मी जोडत नाही.

[दृश्य: एप्रिलची दुपार. वाटीत तेल, सुती फडकं.]

खानदेशच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पातं सैल होतं. म्हणून ती पत्र्याखाली ठेवत नाही. वर्षातून एकदा दांड्यावर जवसाच्या तेलाचा हलका हात फिरवतो. पात्याला कोरडं फडकं, बस्स.