विनोद तोंडावर नाही, रुळांवर आहे: बस्टर कीटनचा ‘द जनरल’ कसा बघायचा

नमस्कार मंडळी! मूकपटातला विनोद म्हटलं की डोळ्यांसमोर भरभर धावणारी, धपाधप पडणारी माणसं येतात. ‘द जनरल’मध्येही पडापडी भरपूर आहे. पण अमेरिकन विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटनच्या १९२६ सालच्या या सिनेमात माझ्या मते खरी गंमत आहे ती रुळांची.

गोष्ट झटपट सांगतो. अमेरिकेतलं यादवी युद्ध, उत्तर विरुद्ध दक्षिण. जॉनी ग्रे, म्हणजे स्वतः कीटन, दक्षिणेकडचा इंजिन ड्रायव्हर. उत्तरेचे हेर त्याचं इंजिन पळवतात, आणि त्याच गाडीत अडकते त्याची प्रेयसी ॲनाबेल. हा पठ्ठ्या एकटा पाठलागाला निघतो. इंजिनाची अशी चोरी एप्रिल १८६२मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात खरंच झाली होती.

आता बघा, आगगाडीला बाजूला होता येत नाही. पुढे जे येईल, त्याच्याशी गाठ पडणारच. कीटन हीच अडचण पिळून पिळून वापरतो.

[क्लिप: उखळी तोफ]

जॉनीनं गाडीमागे उखळी तोफ जोडलीय. बत्ती दिली, तो परत इंजिनाकडे निघाला, आणि तोफेच्या डब्याची जोडणी सुटली. साखळीत त्याचा पाय अडकलाय. इकडे हादऱ्यांनी तोफेचं तोंड हळूहळू खाली येतंय, आणि आता ते थेट त्याच्याकडेच! बिचारा तोफेला लाकूड फेकून मारतो. (तोफेला लाकूड! मी दर वेळी इथे हसतो.) पाय सोडवून तो इंजिनाच्या पार पुढच्या टोकाला जाऊन दडतो. तेवढ्यात रूळ वळतो, इंजिन तोफेच्या नेमातून बाहेर, आणि गोळा सरळ जाऊन चोरांच्या गाडीजवळ फुटतो. त्यांना वाटतं, मागे मोठी फौज लागलीय. त्याला वाचवलं कुणी? वळणानं. हा सगळा हिशेब आपल्याला दिसतो, कारण कॅमेरा लांब आहे, तोफ आणि गाडी एकाच चौकटीत आहेत. तुकडे जोडून हे दाखवलं असतं तर आपण विश्वास ठेवला नसता.

तीच गोष्ट स्लीपरची, म्हणजे रुळांखाली घालतात त्या लाकडी ओंडक्याची. इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलेला जॉनी हातातला जड स्लीपर पुढे आडव्या पडलेल्या दुसऱ्या स्लीपरच्या टोकावर आपटतो, आणि दोन्ही उडून बाजूला. नेम चुकला असता तर? खोटं इंजिन नव्हतं ते.

अर्ध्या वाटेवर सिनेमा उलटा फिरतो. जॉनी आपलं इंजिन परत पळवतो, आता पाठलाग करणारे ते. रुळावर टाकलेली लाकडं, बदललेले सांधे, आधी त्याला छळणारं सगळं आता तो त्यांच्यावर उलटवतो. म्हणून पहिला अर्धा भाग मोबाइल बघत घालवू नका.

परतीच्या वाटेवर ॲनाबेल इंजिनात केर काढत बसते आणि भट्टीत एवढीशी काटकी टाकते. वैतागून जॉनी तिला आणखी बारीक ढलपी देतो. तीही ती मन लावून भट्टीत टाकते! तो तिचा गळा धरतो आणि लगेच मुका घेतो. चेहऱ्यावर हसू नाहीच. लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर आपटून घेताना कीटन शिकला होता की आपण हसलो नाही तर लोक जास्त हसतात.

पूल कोसळून इंजिन नदीत जातं, ते अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात खऱ्या इंजिनाला खरोखर पाडून एकदाच चित्रित केलं. सांगाडा दुसऱ्या महायुद्धापर्यंत नदीतच पडून होता.

एक गोष्ट मात्र खटकते. नायक गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूचा, आणि गुलामगिरीबद्दल सिनेमा अवाक्षर काढत नाही. हे लक्षात ठेवूनच बघा.

तेव्हा सिनेमा पडला, समीक्षकांनीही झोडला. दोन वर्षांत कीटन स्वतःचं स्वातंत्र्य सोडून एमजीएम या बड्या हॉलिवूड स्टुडिओकडे गेला.

ऑनलाइन धुरकट प्रती पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नका, डागडुजी केलेली स्वच्छ प्रत शोधा. संगीत प्रत्येक प्रतीला निराळं असतं. नाही पटलं तर खुशाल बंद करा, जॉनीचं काही अडत नाही.