‘काही सापडलं नाही’ याचीही नोंद

(नाशिकमधल्या कला शाखेच्या प्राध्यापकांसमोर आणि ग्रंथपालांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आपल्याकडे ग्रंथालयाची ओळख जुलैत होते आणि प्रकल्प मागितला जातो सत्र संपताना. ओळख म्हणजे काय, तर साठ-सत्तर मुलं रांगेनं आत येतात, कपाटं बघतात, देवघेवीची खिडकी बघतात, दंडाचे नियम ऐकतात आणि बाहेर पडतात. त्या दिवशी त्यांना शोधायचं काहीच नसतं. ज्याला काही शोधायचंच नाही त्याला ओपॅक, म्हणजे ग्रंथालयाची संगणकावरची पुस्तकसूची, कशी वापरायची हे सांगितलं, तर ते जिना उतरेपर्यंतही टिकत नाही. तेव्हा आधी प्रश्न हातात द्या, मग ग्रंथालयात न्या.

प्रश्न म्हणतोय, विषय नाही. नाशिकच्या इतिहासावर प्रकल्प दिला की काळाराम मंदिर सत्याग्रह हमखास येतो. हा झाला विषय. त्यावर सगळ्यांच्या वहीत तीच दोन पानं उतरतात: २ मार्च १९३०ला सुरुवात, डॉ. आंबेडकरांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांचा पुढाकार, पुढे काही वर्षं चाललेला लढा. खोटं काहीच नाही, पण शोधलेलंही काही नाही. आता हा प्रश्न बघा: ‘१२ मार्चला दांडीयात्रा निघाली. त्याआधी आणि त्यानंतर मुंबईच्या वृत्तपत्रांत काळारामच्या बातमीला किती जागा मिळाली?’ इथे काळ ठरला, जागा ठरली, कोणते कागद उघडायचे तेही ठरलं. पान कोणतं, मथळा किती स्तंभी, मजकूर किती ओळींचा, हे पट्टी लावून मोजता येतं. विद्यार्थ्याला तीनच गोष्टी विचारा: कधीचं, कुठलं, कोणाच्या कागदांत? एकाचंही उत्तर नसेल तर तो अजून विषयावरच बसलाय.

प्रश्न ठरला की शब्द जमवायचे. मराठीत शोधणाऱ्याची खरी अडचण इथे होते आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांवरून शिकवणाऱ्यांच्या ती लक्षातही येत नाही. ‘सत्याग्रहाचा’ असा शब्द ओपॅकमध्ये टाकला तर ‘सत्याग्रह’ नावाचं पुस्तक बहुधा वर येत नाही. विभक्ती काढून मूळ रूप टाकावं लागतं. ‘काळाराम’ आणि ‘काळा राम’ ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी नावं. ‘नाशिक’ आणि ‘नासिक’ दोन्ही टाकायचे, आणि जुन्या इंग्रजी कागदांत तर ‘श’ नाहीच, सगळीकडे ‘स’चं स्पेलिंग. १९६२च्या लेखननियमांआधी छापलेल्या मजकुरात ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार असतात, त्यामुळे आजच्या वळणाचा शब्द तिथे जुळत नाही. आणखी एक गोष्ट लेखनापलीकडची आहे. आज आपण ज्या शब्दानं एखादी गोष्ट ओळखतो तो शब्द तेव्हा रूढ असेलच असं नाही. १९३०च्या बातमीत ‘अस्पृश्य’ आणि ‘मंदिरप्रवेश’ हे शब्द शोधावे लागतील. म्हणून शोधायला बसण्याआधी प्रत्येकानं किमान दहा शब्दांची यादी करायची: आजचे, तेव्हाचे, दोन्ही लेखनपद्धतींचे आणि रोमन लिपीतले.

रोमन यासाठी, की इंटरनेट आर्काइव्हवर जी जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून चढवलेली आहेत, त्यांतल्या पुष्कळांची नावं रोमन अक्षरांत आणि मनाला येईल त्या स्पेलिंगनं नोंदवलेली आहेत. तीन-चार प्रकारे टाकून बघावं लागतं. शोधगंगा या विद्यापीठीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर मराठी प्रबंध शोधतानाही तोच अनुभव येतो.

पीडीएफ उघडली की आधी एक ओळ कॉपी करून कोऱ्या पानावर चिकटवायला सांगा. नीट मराठी उमटली तर आत शब्दशोध चालेल. अगम्य चिन्हं उमटली तर मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात आहे. ओळ निवडताच आली नाही तर तो नुसता फोटो आहे. या दोन्ही बाबतींत ‘शून्य निकाल’ म्हणजे मजकूर नाही असा अर्थ होत नाही; तिथे अनुक्रमणिका काढून डोळ्यांनीच वाचायचं. या एका मिनिटाच्या परीक्षेवाचून मुलं भलं पुस्तक बाजूला टाकतात.

आता शोधवही. साधी शंभर पानी चालते, चार रकाने आखायचे: तारीख, कुठे शोधलं, नेमके कोणते शब्द टाकले, काय मिळालं. चौथ्या रकान्यात ‘काही नाही’ हे उत्तर चालतं, उलट तेच मोलाचं असतं, कारण त्यापुढे ‘का नाही?’ असं विचारता येतं. काळारामचंच घ्या. विद्यार्थी साहजिकच आधी बाबासाहेबांच्या स्वतःच्या वृत्तपत्रांकडे जातो. मार्च १९३०चा अंक शोधतो आणि हात रिकामे. ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं ३ एप्रिल १९२७ला, ते १९२९मध्ये बंद पडलं. ‘जनता’ निघालं २४ नोव्हेंबर १९३०ला. मधल्या ज्या महिन्यांत सत्याग्रह उभा राहिला, त्या महिन्यांत ही दोन्ही पत्रं निघतच नव्हती. हे कळलं की ‘केसरी’, ‘टाइम्स ऑफ इंडिया’, ‘बॉम्बे क्रॉनिकल’ यांच्याकडे का वळायचं ते आपोआप कळतं, आणि या बातम्या कोणाच्या नजरेतून आल्या आहेत हेही. नियतकालिक शोधण्याआधी ते कधीपासून कधीपर्यंत निघत होतं हे बघायची सवय अशीच लागते. व्याख्यान देऊन लागत नाही, माझं हे धरून!

तारखांबद्दल एक सावधगिरी. जुन्या मराठी छपाईत शके असतो. त्यावरून इसवी सन काढताना मुलं सरसकट ७८ मिळवतात. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ते बरोबर, पण जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९ मिळवायचे. २ मार्च १९३०ला फाल्गुन होता, शके १८५१. त्यात ७८ मिळवले तर सत्याग्रह एक वर्ष आधी जाऊन बसतो.

टिपणांचं थोडक्यात सांगतो. मोबाइलवर पानांचे फोटो काढायला हरकत नाही, पण पहिला फोटो शीर्षकपानाचा, दुसरा त्याच्या पाठच्या बाजूचा, मग हवी ती पानं, पृष्ठक्रमांक दिसेल अशी. पाठच्या बाजूला आवृत्ती आणि पुनर्मुद्रणाचं साल असतं. तो फोटो नसेल तर शेवटच्या आठवड्यात संदर्भ पुरा करायला परत वाचनालय गाठावं लागतं आणि तोवर पुस्तक कोणीतरी नेलेलं असतं. टोपणनावांकडेही लक्ष हवं. नाशिकच्या मुलांना उदाहरण दूर शोधायला नको: कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाखाली आणि नाटकं ‘वि. वा. शिरवाडकर’ या नावाखाली. एकाच नावानं शोधलं तर अर्धं साहित्य हाती येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांवर बंदी घालून काही होत नाही. ही साधनं शब्दांची यादी वाढवायला बरी आहेत, संदर्भ द्यायला नाहीत: लेखक खरा, विद्यापीठ खरं, पण त्या नावाचं पुस्तकच अस्तित्वात नाही, असंही देतात. नियम एकच ठेवा. शीर्षकपानाचा फोटो किंवा उघडणारा दुवा असेल तोच संदर्भ यादीत राहील.

एका वेळी पंधरापेक्षा जास्त मुलं नेऊ नका; त्यापुढे मागची मुलं नुसती उभी राहतात. गुण चाळीस असतील तर पंधरा शोधवहीला द्या, दहा संदर्भांना, उरलेले लेखनाला. आणि दर पंधरवड्याला वहीवर तारखेसह सही करा. नाहीतर सगळी वही आदल्या रात्री एका शाईत लिहिली जाते. ती ओळखणं फारसं अवघड नसतं, चौथ्या रकान्यात ‘काही नाही’ अशी एकही ओळ नसते.