ॲड कधी येणार?

सकाळचे साडेपाच, पुण्यातली नवी पेठ. शटर अजून अर्धंच वर गेलंय आणि पोरं खाली वाकून आत शिरतायत, पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली. ही सरकारी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांची अभ्यासिका. दोन हात ठेवता येतील एवढं टेबल, बाजूला प्लायवूड, समोर महाराष्ट्राचा नकाशा आणि त्यावर स्केचपेनने लिहिलेलं पद. काहींनी उपजिल्हाधिकारी खोडून खाली पीएसआय लिहिलंय, मग तेही खोडून तलाठी. नीट बघा.

राहायचं कॉट बेसिसवर. एका खोलीत चार कॉट, आणि पाचवा मित्र दोन दिवसांसाठी म्हणून येतो तो वर्षभर राहतो. नाश्ता-जेवण अकराला एकदमच, एका वेळचे पैसे वाचतात. मध्ये चहा, आणि चहावर एकच विषय, ॲड, म्हणजे भरतीची जाहिरात, कधी येणार. ॲड आली की पूर्व परीक्षा, मग मुख्य, मग मुलाखत नाहीतर ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी, मग कोणीतरी कोर्टात जातं, आणि निवड झालेला पोरगासुद्धा नियुक्तीची वाट बघत परत याच टेबलावर.

2023 ची तलाठी भरती घ्या. जागा 4,644, अर्ज दहा लाखांच्या वर, फी खुल्या गटाला 1000 आणि राखीवला 900. कमाई नसलेल्यांकडून! हिशोब तुम्हीच करा. पोलीस भरतीच्या ग्राउंडमध्ये पोरांना 1600 मीटर धावायचं. 2024 ला जागा 17,471 आणि अर्ज 17 लाखांवर.

गंमत म्हणजे अर्थशास्त्राचं पुस्तक इथे प्रत्येक टेबलावर आहे, छुपी बेरोजगारी, सुशिक्षित बेरोजगारी, व्याख्या तोंडपाठ. पगार नाही म्हणून खरेदी नाही, खरेदी नाही म्हणून मालाला उठाव नाही, मग कारखानदार नवीन माणसं घेत नाही, शिवाय सोयाबीनचे जे पैसे ठिबकमध्ये गेले असते ते इथे कॉटभाड्यात जातात. सरकारी पाहणीत 2023-24 ला 15 ते 29 वयात बेरोजगारी 10.2 टक्के, पण मी काम शोधत नाही, अभ्यास करतोय असं सांगणारा त्यात धरलाच जात नाही.

रात्रीचे अकरा. शटर खाली येतंय, पण टपरीवर गर्दी हलत नाहीये. कोणाच्या तरी मोबाईलवर आलंय, उद्या ॲड येणार म्हणे.