दुकानातलं एक स्टूल

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या आधी आईला घेऊन आपल्या नाशिकमधल्या एका मॉलमध्ये गेले होते. आई 78 वर्षांची आहे. साडी आता आवरत नाही म्हणून दोन वर्षांपासून ती कुर्ते घालते, आणि कुर्ता सुतीच लागतो. गुडघे दुखतात, सरकत्या जिन्याची भीती वाटते, त्यामुळे लिफ्टसाठी थांबत थांबत आम्ही वर पोहोचलो तेव्हाच ती दमली होती.

‘कॉटन’ अशी पाटी लावलेल्या रांगेतला एक कुर्ता तिला आवडला. हात फिरवून म्हणाली, “कसा गार लागतोय बघ गं.” शेजारी कपड्यांच्या घड्या घालणारी एक मुलगी पुढे आली आणि हळूच म्हणाली, “आजी, हा सुती नाहीये. पाटी चुकून राहिलीय. आतलं लेबल बघा.” लेबलवर व्हिस्कोस लिहिलं होतं. हा धागा लाकडाच्या लगद्यापासून करतात. अंगाला थंड लागतो, पण ओला झाला की कमजोर होतो. आईसारखं दगडावर आपटून, पिळून धुतलं तर कपड्याचा आकार बिघडतो. हे सगळं त्या मुलीनं आम्हाला दोन वाक्यांत सांगितलं. मग आईकडे बघून आत गेली, एक प्लास्टिकचं स्टूल घेऊन आली आणि म्हणाली, “तुम्ही बसा, मी कुर्ते इथेच आणते.”

चार कुर्ते आणले, दोन घेतले. निघताना मी सहज विचारलं, “तू कधी बसतेस गं?” म्हणाली, “जेवायच्या सुट्टीत. मजल्यावर बसायचं नसतं ताई. हे स्टूल वरच्या फळीवरचे कपडे काढायला ठेवलंय.”

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

मेन रोडवरच्या जुन्या कापड दुकानांत पांढरी गादी असायची. चपला खाली काढून आम्ही गादीवर बसायचो, दुकानदारही समोर बसलेला. तागे उलगडत जायचे. पन्हा किती, रंग टिकेल का, आटेल का, हे त्याला विचारायचं आणि त्याला ते ठाऊक असायचं. येवल्यात पैठणी घ्यायला गेलात तर विणकर आजही पदर उलटा करून दाखवतो, कारण हातमागावरची खरी पैठणी मागूनही पुढच्यासारखीच सुबक दिसते. माल ओळखणारा माणूस समोर बसलेला असणं, ही सेवा होती. त्या दुकानांत सगळं चांगलंच होतं असं मात्र मी म्हणणार नाही. भावाची घासाघीस चालायची, कपडा घालून बघायची सोय नव्हती, आणि चार साड्या उलगडल्यावर न घेता उठायला आमच्या पिढीतल्या बायकांना फार संकोच वाटायचा. मॉलमध्ये किंमत लिहिलेली असते, आपण मोकळेपणानं हात लावून बघतो, काही न घेता बाहेर पडतो. हे मला मनापासून आवडतं.

पण पैसे देताना काही गोष्टी लक्षात ठेवा. बिल घ्याच. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. माल सदोष असेल तर बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर 30 दिवसांत, तो परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवलं आहे. म्हणजे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलं म्हणून सदोष कपडा आपल्या गळ्यात राहत नाही. काउंटरवर मोबाइल नंबर मागतात. तो दिल्याशिवाय बिल होणार नाही असा आग्रह धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे 2023 मध्येच दुकानदारांना सांगितलं आहे. अडचण आली तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आता पुन्हा त्या स्टुलाकडे येते. केरळात कापड दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी दिवसभर उभं राहण्याविरुद्ध आवाज उठवला. पाय सुजतात, शिरा फुगतात, पाठ धरते. 2018 मध्ये तिथे दुकानांच्या कायद्यात बदल होऊन कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक झालं. 2021 मध्ये तामिळनाडूनंही तसाच बदल केला. एका स्टुलासाठी कायदा करावा लागला, आणि तो बायकांनी मिळवला, याचा मला फार आदर वाटतो. सेवा चांगली नाही अशी तक्रार आपण नेहमी करतो. आठ-नऊ तास उभ्या असलेल्या मुलीनं संध्याकाळी सातला आपल्याशी हसून बोलावं ही अपेक्षा करताना तिच्या पायांकडे मात्र आपण बघत नाही. मीही इतकी वर्षं बघितलं नव्हतं.

परवा पुन्हा त्या दुकानात गेले. ती मुलगी आता लहान मुलांच्या कपड्यांकडे होती. उभीच. मला ओळखून तिनं आधी विचारलं, “आजींना कुर्ते बसले ना नीट?” मी व्यवस्थापकांना भेटले, तिनं पाटीची चूक सांगून आमची फसगत कशी टाळली ते सांगितलं आणि प्रत्येक विभागात बसायला एक स्टूल ठेवता येईल का, असं विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “ते वरून ठरतं मॅडम,” म्हणाले. मी वरचा पत्ता मागून घेतला. पत्र सोमवारी टाकलं आहे. आईनंही खाली सही केली आहे.

नमस्कार.