विटांच्या भिंतीतल्या दरजा कशा भराव्यात

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरला की आपल्या वडोदऱ्यात घरदुरुस्तीची कामं निघतात. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागातल्या जुन्या घरांच्या भिंती जवळून पाहिल्या, तर विटांमधल्या दरजा रिकाम्या झालेल्या दिसतात. बोट घातलं तर भुकटी हाती येते. मग कोणीतरी सिमेंटची पिशवी आणतं, दोन दिवसांत सगळ्या दरजा करड्या रंगाने लिंपून टाकतं, आणि भिंत पक्की झाली असं घरच्यांना वाटतं. चार-पाच पावसाळ्यांनी त्याच भिंतीच्या विटांचे पापुद्रे सुटू लागतात. दरज शाबूत आणि वीट खाल्लेली, असं उलटं चित्र दिसतं. ते का होतं आणि दरज नीट कशी भरायची, याबद्दल आज बोलायचं आहे.

भिंतीत पाणी शिरतंच. पावसाचं शिरतं, जमिनीतून चढतं, गळक्या नळीचं मुरतं. प्रश्न असतो तो हे पाणी बाहेर कुठून पडतं याचा. चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असते, त्यामुळे ओल तिच्यातून सुकते. पाण्यासोबत आलेले क्षारही दरजेतच साठतात, दरज हळूहळू झिजते आणि वीट वाचते. त्या जागी कडक सिमेंट भरलं की ओलीची ती वाट बंद होते. मग पाणी विटेतून बाहेर पडू लागतं. क्षार विटेच्या पृष्ठभागाच्या जरा आत स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचा चेहराच उडवतात. लोणा लागला म्हणून आपण विटेला दोष देतो, पण बऱ्याच वेळा दोष दरजेतल्या मसाल्याचा, म्हणजे तिथे भरलेल्या चुना-रेतीच्या किंवा सिमेंट-रेतीच्या मिश्रणाचा असतो. दरज पुन्हा भरता येते. शंभर वर्षांपूर्वीची, त्या मापाची आणि त्या भाजणीची वीट मात्र बाजारात मिळत नाही. म्हणून जुन्या भिंतीसाठी नियम एकच: मसाला विटेपेक्षा मऊ हवा.

भिंत चुन्यातली आहे की सिमेंटमधली, हे ओळखायला लोखंडी खिळा पुरतो. दरज खरवडून पाहा. पांढरट किंवा विटकरी छटेचा मसाला, त्यात चुन्याचे बारीक पांढरे खडे, आणि खिळा सहज रुतला, तर तो चुना. करडा रंग आणि खिळा वरून घसरला, तर सिमेंट. मात्र वर सिमेंट आणि आत चुना असंही पुष्कळदा असतं, तेव्हा दोन-तीन ठिकाणी इंचभर आत जाऊन बघावं.

त्याहूनही आधी एक गोष्ट. पन्हळ फुटली असेल, सांडपाण्याचा पाइप गळत असेल, गच्चीचं पाणी भिंतीवरून ओघळत असेल, तर ते आधी बंद करा. विश्वामित्री नदीला 2024च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा अनेक घरांच्या खालच्या भिंती पाण्यात होत्या. अशी भिंत वरून कोरडी दिसली तरी आत महिनोन्‌महिने ओली राहते. तिच्या दरजा लगेच भरल्या तर नवा मसाला क्षारांनी आतूनच सुटतो. एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्यावा, वर आलेले पांढरे क्षार कोरड्या कुंच्याने झाडून काढत राहावं, आणि मग काम धरावं. ते क्षार पाण्याने धुऊ नयेत, विरघळून परत आत जातात.

आता दरज कोरण्याचं काम. सगळ्यात जास्त चालढकल इथेच होते, कारण भरल्यावर दरज किती खोल कोरली होती ते कोणाला दिसत नाही. दरजेच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट खोल कोरायचं. म्हणजे 10 मिलिमीटरची दरज असेल तर 20 ते 25 मिलिमीटर. पाच मिलिमीटर खरवडून वर लेप दिला तर त्याला धरायला काही नसतं आणि तो पट्टीसारखा निघून येतो. छन्नी दरजेपेक्षा अरुंद घ्या, 10 मिलिमीटरच्या दरजेला 6 मिलिमीटरची. दरजेच्या मधोमध, दरजेच्या दिशेने हलके ठोके द्या. छन्नी विटेच्या कडेवर टेकवून मसाला उचकटायचा नाही, तसं केलं की कड तुटते. तुटलेल्या कडेमुळे दरज रुंद दिसते आणि कितीही सफाईने भरली तरी भिंत ओबडधोबड वाटते. कोरलेली खाच तळाशी चौकोनी हवी. निमुळती राहिली तर मसाला कडांना पातळ होतो आणि तिथूनच सुटतो.

हल्ली ग्राइंडर सर्रास वापरतात. आडव्या दरजेत, तेही मधोमध एक चीर पाडण्यापुरता आणि सराईत हातात, तो चालेल. उभ्या दरजेत अजिबात नाही. तिथे चकती वरच्या आणि खालच्या विटेत घुसतेच, आणि ती जखम कायमची राहते. शिवाय त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसाला घातक. तोंडाला ओढणी किंवा रुमाल बांधून ती अडत नाही, धुळीसाठीचा खरा मास्क लागतो. आणि जुन्या भिंतीवर नंतर भरलेलं सिमेंट इतकं चिकटलं असेल की काढताना वीटच फुटते, तर ते तिथेच राहू द्या. सुटेल तेव्हा बदला.

गवंड्याला, म्हणजे आपल्याकडच्या कडियाला, चौरस फुटाच्या उक्त्या दराने काम दिलं की वेगाने हात चालणार, आणि त्या वेगापायी दरज कमी खोल कोरली जाणार. म्हणून ठरवतानाच सांगा की आधी कोरणं, मग तुमची तपासणी, मग भरणं. एका खिळ्यावर 20 मिलिमीटरवर खूण करा आणि जागोजागी खुपसून पाहा. हा खर्च वाचवण्याचा नव्हे, मजुरीचा खर्च न्याय्य देण्याचा भाग आहे. खोल कोरायला वेळ लागतो, त्याचे पैसे द्यायला हवेत.

मसाल्याकडे येऊ. जुन्या भिंतीसाठी एक भाग चुना आणि तीन भाग रेती. चुना म्हणजे कळीचा चुना विझवून, पाण्याखाली किमान तीन आठवडे मुरवलेला आणि चाळणीतून गाळलेला, लोण्यासारखा घट्ट. विझवताना पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळतो आणि उडतो, डोळ्यांना चष्मा हवाच. नीट न विझलेला खडा दरजेत राहिला तर महिन्याभराने फुगून बाहेर टवका पाडतो, म्हणून मुरवण्याची घाई नको. पाया आणि जोत्याजवळ, जिथे ओल जास्त, तिथे एक भाग चुना, एक भाग सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, आणि दोन भाग रेती घ्या. सुरखी मध्यम भाजलेल्या विटेचीच दळायची. जास्त भाजलेल्या काळ्या विटेच्या भुकटीची चुन्याशी क्रिया होत नाही, ती नुसती लाल रेती ठरते.

नव्या, सिमेंटमध्ये बांधलेल्या उघड्या विटांच्या भिंतीला एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग रेती हे प्रमाण उत्तम. सरकारी कामांत एकास तीन सिमेंट-रेती चालते, पण साध्या भाजणीच्या विटेला ती फार कडक पडते असं आमचं स्पष्ट मत आहे.

रेती ओरसंगची असो की महीची, दरजेसाठी ती चाळावीच लागते. सगळ्यात मोठा कण दरजेच्या रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नको. 10 मिलिमीटरच्या दरजेला 2.36 मिलिमीटरची चाळणी बरोबर बसते. मात्र पिठासारखी बारीक रेतीही नको. कण लहान-मोठे मिसळलेले हवेत, नाहीतर मसाला आकसून तडकतो. रेतीत माती किती आहे ते काचेच्या बरणीत कळतं: अर्धी बरणी रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोराने हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला मातीचा थर रेतीच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर रेती धुवा. बरणीतली ही मिठाची रेती मात्र मसाल्यात टाकू नका. ओल्या रेतीचं माप घेताना लक्षात ठेवा, थोडी दमट रेती वीस-पंचवीस टक्के फुगलेली असते. मापाने रेती भरपूर वाटते, प्रत्यक्षात कमी पडते आणि मसाल्यात चुना किंवा सिमेंट प्रमाणाबाहेर जास्त होतं. पाणी गोडं घ्या, खारट बोअरचं नको. मचूळ पाण्याचे क्षार थेट दरजेत जातात.

किती सामान लागेल? नऊ इंची विटांची भिंत, 10 मिलिमीटरच्या दरजा, 20 मिलिमीटर खोली धरली, तर एका चौरस मीटरला साधारण साडेतीन लिटर मसाला बसतो. सांडलवंड धरून साडेचार लिटर धरा. म्हणजे दहा चौरस मीटर भिंतीला 45 लिटर रेती आणि 15 लिटर मुरवलेला चुना. सगळं एकदम कालवू नका. सिमेंट असेल तर दीड-दोन तासांत संपेल एवढंच कालवा, आणि घट्ट होऊ लागलेल्या मसाल्यात पाणी घालून तो पुन्हा चालू करू नका, त्याची पकड गेलेली असते.

पाणी कमीत कमी. मसाला मुठीत वळला तर गोळा राहिला पाहिजे आणि तळहाताला डाग पडता कामा नये. सैल मसाला लवकर भरला जातो, विटांवर ओघळतो, वाळताना आकसतो आणि दरजेच्या दोन्ही कडांना केसाएवढी चीर सोडतो. पाऊस नेमका त्याच चिरेतून शिरतो.

भिंत आदल्या संध्याकाळी भिजवा, सकाळी पुन्हा शिंपडा. भरताना वीट ओलसर हवी, पण पाण्याने चकाकणारी नको. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि आत भुकटी उरते. काम वरून खाली करा. आधी उभ्या दरजा, नंतर आडव्या. मसाला पाटीवर घ्या, पाटी दरजेखाली भिंतीला टेकवा आणि दरजेपेक्षा अरुंद पट्टीने आत ढकला. एका वेळी 10 मिलिमीटरहून जास्त जाड थर नको. पहिला थर अंगठ्याने दाबला तर जेमतेम खूण उमटेल इतका घट्ट झाला की दुसरा. आतली पोकळी राहिली तर वरून दिसत नाही, पण तिथे पाणी साठतं, म्हणून प्रत्येक थर नीट ठासा.

शेवटचं रूप देण्याची वेळ हाच या कामातला खरा हातखंडा. अंगठा टेकवला तर ठसा उमटतो पण मसाला अंगठ्याला चिकटत नाही, तेव्हाच घोटा. लवकर घोटलं तर चिकट पाणी वर येतं आणि तोंडावर बारीक जाळी पडते. उशीर झाला तर पोलादी अवजाराचे काळे पट्टे उमटतात. एप्रिलच्या उन्हात सिमेंटच्या मसाल्याला ही वेळ अर्ध्या तासात येते, डिसेंबरात दीड-दोन तासही लागतात. भिंतीचा एक भाग लवकर आणि दुसरा उशिरा घोटला तर दोन रंग दिसतात. तसं झालं की लोक रंगद्रव्याला दोष देतात, पण फरक वेळेचा असतो.

आकार कोणता द्यावा? आपल्या पावसाला किंचित आत वळलेली, गोलसर खोलगट दरज सगळ्यात चांगली. दरजेपेक्षा थोडी जाड, 12 ते 13 मिलिमीटरची गोल सळई वाकवून दाबत ओढा, म्हणजे कडा विटेला घट्ट बसतात. उतरती दरजही चालते, पण वरची कड तीन मिलिमीटर आत आणि खालची विटेच्या तोंडाशी, याच दिशेने. उलटा उतार केला तर खालच्या विटेवर पाणी थांबतं. चित्रात सुंदर दिसणारी, खोल आत दडवलेली दरज बंगल्यांच्या पुढच्या भिंतीत पाहायला मिळते. पावसाच्या दिशेच्या भिंतीला ती नको, प्रत्येक विटेच्या डोक्यावर पाण्याची फळी तयार होते. विद्यापीठातली, वास्तुविशारद रॉबर्ट चिझमने आखलेली कला विद्याशाखेची इमारत येता-जाता पाहा. तिथल्या विटांच्या रेषा किती शांत आणि एकसारख्या आहेत ते नजरेत भरतं.

चुन्याची दरज दुसऱ्या दिवशी, जरा घट्ट झाल्यावर, ताठ केसांच्या ब्रशने हलके ठोकतात. वरचा गुळगुळीत थर निघून रेतीचे कण उघडे पडतात, हवा आत जायला जागा होते आणि रंगही जुन्या दरजेशी मिळतो. विटांवर सांडलेला मसाला ओल्या स्पंजने पुसू नका, पांढरं दूध विटेत शिरतं. थोडा वाळू द्या आणि ब्रशने झटका. ऍसिडने धुण्याचा सल्ला कोणी दिला तर चुन्याच्या कामावर साफ नाही म्हणा, ऍसिड चुना विरघळवतं.

सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस पाणी. चुन्याला त्याहून सावकाश सांभाळावं लागतं: भिंतीपासून चार बोटं दूर ओली बारदानं टांगायची, दिवसातून तीन-चार वेळा फवारा द्यायचा, निदान दोन आठवडे. नळी धरून जोराची धार मारायची नाही, पहिल्या दिवशी तर कधीच नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो, आणि त्यासाठी ओलावा लागतो. झपाट्याने वाळला तर खडूसारखा राहतो. म्हणून चुन्याचं काम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत करा. मे महिन्यात करू नका, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तर नकोच.

सगळी भिंत धरण्याआधी मागच्या बाजूला एक चौरस मीटरचा नमुना करून घ्या आणि तो पूर्ण वाळेपर्यंत थांबा. ओल्या मसाल्याचा रंग गडद असतो, त्यावर निवड करू नका. हिरमिजी, म्हणजे लाल रंगाची माती, घालायची असेल तर चिमटीने, आणि दर वेळी मसाला कालवताना वजन करून. उरलेला चुना डब्यात दोन बोटं पाणी ठेवून झाकून ठेवा, पुढच्या दुरुस्तीला तो आजच्यापेक्षा चांगला निघेल.

नमस्कार.