दुनळी, दारू आणि धक्का

(पडद्यावर: टेबलावर सुटी करून ठेवलेली दुनळी रायफल. कॅमेरा नळ्यांच्या मागच्या टोकाकडे सरकतो.)

नळ्या दस्त्यापासून सुट्या केल्या की त्यांच्या सपाट पोटावर हे बारीक ठसे दिसतात. ‘कॉर्डाइट’ हा शब्द आणि शेजारी दोन आकडे, ७० आणि ४८०. ७० ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची गोळी. आपल्या हिशेबाने साडेचार ग्रॅम दारू आणि एकतीस ग्रॅमची गोळी. इंग्लंडमध्ये रायफल दुकानात जाण्याआधी प्रूफ हाउसमध्ये तपासली जाते, आणि हे ठसे तिथलेच आहेत. शंभर वर्षांनंतर या रायफलीसाठी हाताने काडतूस भरायला बसणाऱ्याला सगळ्यात आधी हेच वाचावं लागतं.

ही .४५० नायट्रो एक्सप्रेस. आकडा आहे नळीच्या इंचातल्या मापाचा. जॉन रिग्बी यांच्या कंपनीने हे काडतूस १८९८ साली आणलं. त्याआधी हत्ती किंवा गव्यासाठी काळ्या दारूच्या अवजड बंदुका असत. गोळी अंगठ्याएवढी आणि धूर इतका, की पहिला बार उडाल्यावर समोरचं काही दिसत नसे. कॉर्डाइट ही नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांची बिनधुराची दारू, दिसायला शेवयांसारखी. तिने ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या पुढे नेली. मात्र ही दारू उन्हात तापली की दाब वाढवते आणि काडतुसाचं पितळी कवच, म्हणजे केस, फुगून नळीत अडकते. म्हणून सव्वातीन इंच लांबीची प्रशस्त केस घेतली आणि दाब मुद्दाम कमी ठेवला. समोर जखमी जनावर असताना रिकामी केस बोटाने ओढताच बाहेर आली पाहिजे, एवढीच त्यामागची गरज होती.

(पडद्यावर: नळ्यांची तोंडं, जवळून. मधली पाचर दिसते.)

आता या दोन नळ्यांकडे नीट पाहा. त्या समांतर आहेत असं वाटतं, पण तशा नाहीत. तोंडाकडे त्या एकमेकींकडे किंचित झुकलेल्या आहेत. त्यांच्या रेषा पुढे वाढवल्या तर थोड्या अंतरावर एकमेकींना छेदतील. गोळ्या मात्र छेदत नाहीत, शेजारी शेजारी एकाच जागी लागतात. हे कसं होतं, ते सांगायलाच हवं.

उजवी नळी रायफलीच्या मध्यापासून थोडी उजवीकडे आहे. तिचा बार उडाला की धक्का उजव्या अंगाने येतो, आणि रायफल मागे येता येता तोंडाने उजवीकडे आणि वर वळते. डावीचा बार तिला डावीकडे वळवतो. गोळी नळीत असते ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या फार तर दीडपट वेळ. तेवढ्यात पाच किलोची रायफल चार-पाच मिलिमीटर मागे सरकते, बस. पण त्या चार-पाच मिलिमीटरमध्ये तोंड वळलेलं असतं, आणि गोळी सुटते ती वळलेल्या दिशेने. नळ्या आत झुकवल्या आहेत त्या हे वळण फेडण्यासाठी. या रायफलीचा नेम धक्क्यावर बेतलेला आहे. धक्का बदलला की नेम बदलला.

हे जुळवणाऱ्या कारागिराला रेग्युलेटर म्हणतात. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतला हा माणूस बंदूक घडवण्याइतकाच बार काढण्यातही तरबेज लागतो. तो रायफल खांद्याला लावून बार काढतो, टार्गेटवरची छिद्रं पाहतो, नळ्यांच्या तोंडाशी ज्योत धरून डाग, म्हणजे नळ्या जोडणारा वितळता धातू, मऊ करतो, मधली पाचर किंचित आत ठोकतो किंवा बाहेर ओढतो, थंड होऊ देतो आणि पुन्हा बार काढतो. दोन्ही नळ्यांची छिद्रं एकत्र येईपर्यंत हेच चालतं. आणि हे सगळं होतं एकाच काडतुसावर, ठशात लिहिलेल्या. मला या कामाबद्दल अपार आदर वाटतो. गणिताने ते आजही पुरतं सुटत नाही. शेवटी बार काढूनच पाहावं लागतं.

(पडद्यावर: जुनी काडतुसं, वेगवेगळ्या मापांची, एका रांगेत.)

या काडतुसाचा हिंदुस्थानशी थेट संबंध आहे. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचं मापही .४५० होतं, आणि तसल्या बऱ्याच रायफली सरकारच्या हाताबाहेर गेलेल्या होत्या. त्यांना दारूगोळा मिळेल या भीतीने ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास या मापाच्या रायफली इथं आणायला बंदी घातली. बंदूकवाल्यांनी लगेच मापं बदलली. .४६५, .४७०, .४७५, .४७६ ही भावंडं त्या बंदीतून जन्मली. संस्थानिकांच्या शस्त्रागारांत पुढे दिसतात त्या रायफलींपैकी बऱ्याच याच मापांच्या. आज भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. या फिल्ममधलं काम इंग्लंड, अमेरिका, आफ्रिका इथल्या परवानाधारकांचं आहे.

बर्मिंगहॅमजवळच्या विटनची कायनॉक कंपनी ही काडतुसं बनवायची. १९६० च्या दशकात तिने ती बनवणं थांबवलं. वसाहती गेल्या, गिऱ्हाईक गेलं, आणि १९५६ पासून अमेरिकेची .४५८ विंचेस्टर मॅग्नम साध्या बोल्ट रायफलीत स्वस्तात मिळत होती. हजारो रुबाबदार दुनळ्या एकाएकी उपाशी पडल्या. पुढे काही कंपन्यांनी पुन्हा काडतुसं काढली, पण मधल्या काळात ज्यांना रायफल चालती ठेवायची होती त्यांनी स्वतः भरायला सुरुवात केली.

(पडद्यावर: केसचं बूड, जवळून. नंतर तराजू, चिमूटभर दारू पडताना.)

पहिली अडचण बुडातच. ठोका बसताच दारू पेटवणारी बुडातली टोपी म्हणजे प्रायमर. जुन्या केसमध्ये बर्डन प्रायमर असे. आत मधोमध ऐरणीसारखा उंचवटा आणि बाजूला दोन बारीक भोकं, त्यामुळे नेहमीच्या सुईने जुना प्रायमर निघत नाही. त्यात पाऱ्याचं मिश्रण असेल तर एका बारातच पितळ ठिसूळ होतं. अशी केस पुन्हा भरूच नये. नवी, बॉक्सर म्हणजे सुईने निघणाऱ्या प्रायमरची केस घ्यावी.

गोळीच्या बाबतीत .४५० चा मालक नशीबवान. .४५८ विंचेस्टरच्याच व्यासाच्या गोळ्या चालतात आणि त्या सहज मिळतात. पण वजन ४८० ग्रेनच हवं, ५०० नको. शिवाय अखंड तांब्याच्या कठीण गोळ्या जुन्या, पातळ नळ्यांवर जास्त ताण आणतात. कारण नळीच्या आतले पिळदार आटे त्यांच्यात रुतताना त्या सहज दबत नाहीत. जुनी रायफल असेल तर मी त्या गोळ्या टाळायलाच सांगेन.

खरी मेख दारूची. आजच्या मंद जळणाऱ्या दारूने तोच वेग मिळवायचा तर ती कॉर्डाइटपेक्षा बरीच जास्त घालावी लागते. आणि दारूचा वायूही वस्तुमानच आहे. नळीच्या तोंडातून तो गोळीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने निघतो आणि रायफलीला मागे रेटतो. म्हणजे गोळी तीच, वेग तोच, तरी धक्का जास्त. वर पाहिलंच, धक्का बदलला की दोन्ही नळ्यांची छिद्रं हलतात. उलट कमी भरणारी दारू निवडली तर केसमध्ये मोकळी जागा उरते, दारू कधी प्रायमरपाशी असते, कधी गोळीपाशी, आणि प्रत्येक बार वेगळा पेटतो. म्हणून वर सावरीच्या जातीचा हलका कापूस, कपोक, किंवा फोमची चकती घालून दारू प्रायमरला टेकवून ठेवतात. मात्र चकती घातली की दाब वाढतो, आणि तो हिशेबात धरावाच लागतो. दारूची मापं इथं देणार नाही. ती छापील, दाब मोजून तपासलेल्या तक्त्यातूनच घ्यावीत, आणि तळाच्या मापापासून सुरुवात करावी.

(पडद्यावर: गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ. मागे टार्गेट, उजव्या-डाव्या छिद्रांभोवती वेगवेगळ्या रंगाच्या खुणा.)

मग क्रोनोग्राफ आणि टार्गेट. वेग कमी असेल तर गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोंड जास्त वळतं, आणि उजवीची छिद्रं उजवीकडे, डावीची डावीकडे फाकतात. वेग जास्त झाला तर उजवीची गोळी डावीकडे जाऊन लागते. मधे कुठेतरी दोन्ही पुंजके एकमेकांत मिसळतात. कॅटलॉगमधल्या वेगामागे मात्र धावू नये. तो लांब चाचणी-नळीतून मोजलेला असे, २६ इंची नळीतून तो कमीच भरतो. इथं अधिकार टार्गेटचा.

आता खांदा. हिशेब केला तर ही रायफल सेकंदाला पाच मीटरपेक्षा जास्त वेगाने मागे येते. .३०-०६ च्या साध्या रायफलीच्या अडीचपट धक्का. टेबलावर बसून, वाळूच्या पिशवीवर दाबून बार काढला तर तो सगळा गळपट्टीच्या हाडावर येतो, शिवाय रायफल मोकळी वळत नाही आणि टार्गेट खोटं बोलतं. वजनदार लोखंडी घोडीत आवळून बार काढणारे खांदा वाचवतात, पण धक्का जिरायला जागा नसल्याने दस्ता त्याच्या मनगटाशी, म्हणजे मुठीच्या निमुळत्या जागी, चिरतो. अक्रोडाच्या शंभर वर्षांच्या लाकडाची ती चीर पाहवत नाही.

म्हणून उभं राहूनच बार काढावा. छातीच्या उंचीचा टेकू, त्यावर रायफल नाही, हात. पुढचा हात नळ्यांवर घट्ट, वजन पुढच्या पायावर, दस्ता खांद्याच्या खोबणीत दाबलेला, गाल चिकटलेला. बार उडाला की अंग कमरेतून मागे जाऊ द्यावं, अडवू नये. सरावाला एकच नळी भरावी. धक्क्याने बोट दुसऱ्या नळीच्या, मागच्या चापावर पडून दोन्ही बार एकदम उडू शकतात, आणि तो दुहेरी धक्का माणसाला खाली पाडतो. एका बैठकीत थोडेच बार. डोळा मिटायला किंवा चाप झटकायला लागला की थांबावं, कारण तिथून पुढे टार्गेटवर दिसते ती माणसाची धास्ती, काडतुसाची बातमी नाही. ती धास्ती ओळखायची जुनी युक्ती आहे. सोबत्याने न सांगता कधी भरलेलं, कधी खोटं काडतूस घालून द्यायचं. खोट्यावर तोंड खाली झुकलं की समजावं.

शेवटची तपासणी जोडीची. उजवी, लगेच डावी, मग नळ्या हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, आणि पुन्हा जोडी. नळ्या तापल्या की छिद्रं सरकतात, आणि ही रायफल तर जंगलात थंड नळीनेच वापरायची असते. अशा जोड्या पुन्हा पुन्हा एकत्र लागल्या की दारूचा प्रकार, वजन, प्रायमर, चकती, वेग आणि त्या दिवशीचं तापमान वहीत लिहायचं आणि वर रायफलीचा नंबर टाकायचा. त्याच कारखान्याची, त्याच मापाची, पुढच्याच नंबराची रायफल आली तरी ते काडतूस तिला लागू होत नाही. तिची पाचर दुसऱ्या जागी ठोकलेली असते, तिच्यासाठी तळाच्या मापापासून पुन्हा सुरुवात.