तीन नंबर बर्फात गेला, पंधरा ब्रह्मपुत्रेकाठी

नमस्कार श्रोतेहो. इंदूरच्या एखाद्या जुन्या ट्रकवाल्याला विचारा, हा पलासियावरून जाणारा रस्ता कुठला? तो ‘एबी रोड’ म्हणेल, फार तर ‘तीन नंबर’. आमच्या मामांचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता. त्यांच्या खर्चाच्या वहीत डिझेलच्या आकड्यांपुढे समासात बहुधा ३ लिहिलेला असायचा आणि वर्षातून चार-पाचदा १५. तीन म्हणजे आग्रा-मुंबई राष्ट्रीय महामार्ग, हाच एबी रोड. पंधरा म्हणजे वाळवंट, आणि त्या पानांवर टायरचा खर्च हमखास जास्त.

आज या पंधराची गोष्ट. जुना राष्ट्रीय महामार्ग १५ पठाणकोटला सुरू व्हायचा. अमृतसर, भटिंडा, गंगानगर करत बिकानेर, मग पोकरण, जैसलमेर, बाडमेर, सांचोर आणि शेवटी कच्छच्या तोंडाशी सामखियाळी. दीड हजार किलोमीटरहून जास्त. नकाशावर बोट फिरवून पाहा, पाकिस्तानची सरहद्द जिकडे वळते तिकडे हा रस्ताही वळतो. वरच्या टोकाला पठाणकोटची लष्करी छावणी, खालच्या टोकाशी कांडला बंदराची वाट. त्याची आखणी कशासाठी, हे वेगळं सांगायला नको.

इथे पूल-घाटांची फारशी कटकट नाही, पण वाळू आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की टेकाड सरकत येऊन डांबरावर बसतं. डोझरने उपसा, आठवड्यात पुन्हा हजर. जोधपूरच्या केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजे काझरीने, यावर एक साधी पद्धत रूढ केली. टेकडीच्या माथ्यापासून खालपर्यंत झुडपांच्या वाळक्या फांद्या बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींत रोवायच्या. जमिनीलगतचा वारा अडला की वाळू जागची हलत नाही, मग त्या चौकटींत गवत आणि रोपं लावायची. इस्रायली बाभळीवर भिस्त फार.

मग आलं २०१०. केंद्र सरकारने देशभरच्या महामार्गांचे आकडेच नव्याने मांडले. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. वाळवंट देशाच्या पश्चिम टोकाला, म्हणून तिथे ६२, ६८, ७० असले मोठे सम आकडे आले. आपला पंधरा मात्र चिरला गेला. गंगानगर ते बिकानेर ६२, बिकानेर ते जैसलमेर ११, जैसलमेरहून बाडमेर-सांचोरकडे ६८, आणि शेवटचा तुकडा २७मध्ये गेला. खुद्द १५ हा आकडा कुठे गेला? आसामात, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठाला! जिथे पाण्यासाठी टँकर धावायचे तिथला आकडा पुराच्या मुलखात. आणि आपला ३? तो अटारी, अमृतसर, मनाली करत लेहला, बर्फात. शिवपुरीला संपणारा लखनौकडचा २५ उचलून मुनाबाव-बाडमेर-जोधपूर रस्त्याला दिला.

तीन आकडी नंबर आला की शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे आणि पहिला फाट्याचा. म्हणजे ९२५ हा २५चा फाटा. याच कुळातल्या ९२५ए या रस्त्यावर, बाडमेरच्या बाजूला सट्टा-गांधवजवळ, तीन किलोमीटरचा पट्टा असा बांधलाय की वेळ पडली तर विमान उतरावं. ९ सप्टेंबर २०२१ला संरक्षणमंत्री आणि रस्ते वाहतूक मंत्री हवाईदलाच्या हर्क्युलिसमधून थेट त्या महामार्गावर उतरले होते.

पद्धत हुशारीची आहे, मान्य. आकडा ऐकून रस्ता देशात साधारण कुठे असेल ते कळतं. पण पठाणकोट ते कच्छ ही एक सलग वाट होती, हे आता कुठल्याच आकड्यात दिसत नाही. अमृतसर-जामनगर हा नवा द्रुतगती मार्ग पुन्हा तीच दिशा धरतोय, त्याच्या वाट्याला मात्र ७५४ए, ७५४के असले फाट्यांचे आकडे आलेत.

मामांना मी सांगितलं, तुमचा तीन नंबर गेला. ग्वाल्हेरपर्यंत ४४, पुढे ब्यावरापर्यंत ४६ आणि ब्यावरा-देवास-इंदूर-धुळे ५२. हाच ५२ वर कोटा, जयपूर, सीकर करत वाळवंटाच्या उंबऱ्यावर चुरूला पोचतो. मामांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, “म्हणजे चुरूला जायचं तर इथून कुठे वळायचंच नाही?”

“वळायचं बऱ्याच ठिकाणी आहे, मामा. आकडा तेवढा बदलत नाही.”